मुक्या पंचांचा खडक

उंबरपाट गावाच्या वर, जिथून पांगी नदीवरचा बंधारा चपलेएवढा दिसतो, तिथे हा सपाट काळा खडक पसरलेला आहे. गावात याला मुक्या पंचांचा खडक म्हणतात. इथे कंदील आणायचा नाही, विडी पेटवायची नाही, मोबाईलचा उजेड पाडायचा नाही. दुर्बिणी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, हा नियम आम्ही त्यांच्या सोयीसाठी केला. पाहुण्यांची सोय बघायची आमच्या गावाला सवय नाही. हा नियम दुर्बिणींच्या आणि विजेच्याही फार आधीचा आहे, आणि तो एका पोरीने गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसांना घालून दिला, असं सांगतात.

पूर्वेच्या कडेला तो धोंडा आहे, त्यावर बसू नका. बसलेल्या माणसाएवढाच आहे. नीट बघितलं तर गाल फुगवून बसल्यासारखा दिसतो. वरच्या अंगाला ओंजळभर खळगा आहे आणि त्यात पाणी असतं. वैशाखात खाली नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तेव्हाही त्या खळग्यात पाणी असतं. आत झरा आहे, असं भूगोलाचे सर म्हणायचे. असेल. पण झऱ्याला आमच्या गावात कोणी आबा म्हणत नाही, या धोंड्याला म्हणतात.

आणि दरवर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावचे पाच जण, त्यात सरपंच आला, ट्रस्टचा अध्यक्ष आला, सोसायटीचा चेअरमन आला, खाली नदीवर पाण्याची चूळ भरतात आणि ती तोंडात धरून अंधारात हा डोंगर चढतात. वर येऊन बसतात. बोलायचं नाही, गिळायचं नाही, थुंकायचं नाही. वर्षभर ज्यांची तोंडं बंद होत नाहीत, त्यांची तोंडं त्या रात्री बंद असतात. किती वेळ? शेवटच्या फडातली, म्हणजे पाटाच्या टोकाच्या शेतांतली, एक पोरगी सांगेल तोपर्यंत.

हे का, त्याची ही गोष्ट.

पायथ्याला निळा फलक आहे, तो तुम्ही वाचला असेल. 'गावावर पाण्याचे संकट आले असता पूज्य पंचांच्या आज्ञेवरून साळूबाईंनी या खडकावर प्राण अर्पण केले व त्या आकाशात तारा झाल्या.' एका वाक्यात तीन थापा. आज्ञा कोणी दिली नव्हती. प्राण कोणी अर्पण केले नव्हते. आणि ताऱ्याचं म्हणाल, तर तो तिच्या जन्माआधीपासून तिथेच होता, सगळं भांडण त्यावरूनच तर झालं. शाळेच्या गॅदरिंगला हीच फलकावरची गोष्ट बसवतात. पंच झालेली पोरं छातीवर हात बांधून उभी राहतात आणि साळू झालेली पोरगी शेवटी हात जोडून मरते. मी दोन वर्षं त्यात धोंडा होतो. धोंड्याला संवाद नसतात, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळतो. पुढे शाळाच सोडली, त्याचं कारण वेगळं. पण मेलेली पोरगी म्हाताऱ्यांना किती आवडते, हे मी तिथे शिकलो. जिवंत असताना जी उलटं बोलली, तिला मारून देवी केलं की झालं. देवी काही बोलत नाही.

मी सांगतो ती गोष्ट शेवटच्या फडातल्या बायकांची आहे. गहू खुरपताना त्या ती एकमेकींना सांगतात, ओळीने पुढे सरकत, मान वर न करता.

बंधाऱ्याचा पहिला दगड बसला त्यानंतर सात पिढ्यांनी हे घडलं म्हणे. बंधाऱ्याचं पाणी पाटातून शेतांकडे यायचं. शेतं फडांमध्ये वाटलेली. एकेका फडात बऱ्याच घरांचे तुकडे, आणि सगळ्या फडाला पाळीनं पाणी. बंधाऱ्याला लागून माथ्याचा फड, तो पंचांचा. मग मधले फड, ते त्यांच्या भाऊबंदांचे. आणि पाट जिथे दमून संपतो तिथे शेवटचा फड. त्यात कोण असणार? जागल्या, कोतवाल, मोट शिवणारे, बंधाऱ्याचे दगड वाहून ज्यांच्या पाठी वाकल्या ते सगळे.

दिवसाची पाळी सावलीवर मोजायचे, रात्रीची ताऱ्यांवर. दर दहाव्या रात्री शेवटच्या फडाची पाळी असे. पूर्वेच्या डोंगरधारेवर व्याध निघाला की पाणी शेवटच्या फडाकडे वळायचं, आणि त्याच धारेवर स्वाती निघाली की तिथून तुटून माथ्याच्या फडाला जायचं. व्याध ते स्वाती, दोन प्रहरांहून थोडं जास्त. थंडी वाढो की कमी होवो, महिना कोणताही असो, हे अंतर बदलत नाही. तारे कोणाचे भाऊबंद नसतात. म्हणूनच ते कोणी बघायचे, हे पंचांनी आपल्याकडे ठेवलं होतं.

खालून शेतातून पूर्वेची धार दिसत नाही, मध्ये टेकाड आडवं येतं. दिसते ती या खडकावरून. पाळीच्या रात्री पाच पंच इथे बसायचे. तारा निघाला की शिंग फुंकायचे. शिंग ऐकलं की खाली पाटकरी, म्हणजे पाट सांभाळणारा माणूस, फळी घालून पाणी वळवायचा. बाकी कोणी रात्री खडकावर चढायचं नाही. बाईनं तर नाहीच. बाईचा पाय खडकाला लागला तर पाट आटतो, असं पंचांनी सांगून ठेवलं होतं. पाट दर उन्हाळ्यात आटायचाच, त्यामुळे हे खोटं आहे असं कोणाला कधी सिद्ध करता आलं नाही.

पंचांमध्ये दौलतआबा सगळ्यांत मोठे. आबांनी उजाडलं म्हटलं तर कोंबडं आरवायचं, असा त्यांचा शब्द. उगवता तारा तेच ओळखायचे. बाकीचे चौघे शेकोटीभोवती बसून चिलीम ओढायचे आणि आबा म्हणतील त्याला हं म्हणायचे.

साळू ही भिवा जागल्याची मुलगी. जागल्या म्हणजे रात्रभर पिकांची राखण करणारा. भिवाला मुलगा नव्हता, म्हणून लहानपणापासून साळू त्याच्यासोबत शेतातल्या माळ्यावर झोपायची. झोपायची म्हणजे जागायची. डुकरं हाकून झाली की बाप तिला आभाळ दाखवायचा. सप्तर्षींना आमच्याकडे बाज म्हणतात. चार खुरांची बाज, तिच्यावर एक म्हातारी निजलेली, आणि बाज पळवणारे मागचे तीन चोर. मधल्या चोराच्या कडेवर त्याचं लेकरू आहे, असून नसल्यासारखी बारीक चांदणी. पोथीवाले तिला अरुंधती म्हणतात. ती दिसली तर डोळे शाबूत. आधी बाज निघते, मग एकामागून एक तीन चोर, आणि चोरांची ओळ जिकडे वाकते तिकडून, बऱ्याच वेळाने, हातात पलिता घेऊन म्हातारीची सून त्यांच्या मागावर निघते. तिचा पलिता तांबूस दिसतो. तीच स्वाती. भिवा म्हणायचा, "पोरी, जग इकडचं तिकडं होईल, पण सून चोरांच्या आधी घराबाहेर पडायची नाही."

त्या वर्षी आश्विनात भिवाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. तेराव्याला पंच दारात आले. दौलतआबा साळूच्या मायला म्हणाले, "तुकडा जागल्याच्या कामाचा होता. जागल्या राहिला नाही. तरी आम्ही माणसं आहोत. एक हंगाम देतो. गहू पिकवून दाखवलात तर तुकडा तुमचा. वाळला तर तुकडा पंचांचा, आणि तुम्ही तुमचं बघा."

माय पाया पडली. साळू पडली नाही. तिने विचारलं, "पाणी पाळीप्रमाणे मिळेल ना?"

आबा हसले. "पाणी काय माझ्या हातात आहे का गं? ते ताऱ्यांच्या हातात."

कार्तिकात मायलेकींनी गहू पेरला. उगवणही बरी झाली. मार्गशीर्षातली पहिली पाळी आली. व्याधाचं शिंग झालं, पाणी आलं, साळू वाफ्यावाफ्यांतून अनवाणी धावत बारे धरू लागली, एकेका वाफ्याचं तोंड उघडून पाणी आत घेऊ लागली. अर्धा तुकडा भिजला आणि दुसरं शिंग वाजलं. पाणी तुटलं.

तिने वर बघितलं. बाज टेकाडाच्या वर येत होती. बाजेच्या मागे चोरांचा पत्ता नव्हता. तिला वाटलं, टेकाड आडवं आहे, आपलीच चूक असेल. लहान माणसाला आधी असंच वाटतं. पण ती झोपली नाही. टेकाडावरून एक तांबूस तारा वर आला, ठळक, स्थिर. मग एकेक करत चोर आले. आणि त्याच्याही फार नंतर, पहाटेकडे झुकताना, तिची ओळखीची स्वाती आली, लुकलुकत. म्हणजे पाणी तुटलं त्यानंतर पुरत्या एका प्रहराने.

तिने पाटकऱ्याला गाठलं. हैबती त्याचं नाव.

"हैबतीदादा, काल स्वाती निघायच्या आधीच फळी घातलीत."

"मी शिंग ऐकतो, बाई. आभाळ बघत नाही."

"बघत जा की."

"बघून काय करू? दिसलं तर तोंड उघडावं लागेल."

हैबती वाईट माणूस नव्हता. गावात असे फार असतात, आजही आहेत. वाईट नसलेले.

दुसऱ्या पाळीला तेच झालं. यावेळी साळूने त्या तांबूस ताऱ्यावर नजर ठेवली होती. आधी तो मघेच्या शेजारी होता, आता तिच्यापासून सरकलेला. रात्रीच्या रात्रीत सगळे तारे मिळून सरकतात, पण शेजार सोडून एकटा सरकतो तो तारा नव्हे, ग्रह. तो मंगळ होता. दौलतआबा मंगळाला स्वाती म्हणत होते.

ती लबाडी होती की आबांची नजर गेली होती? बायका म्हणतात, आधी नजर गेली आणि मग ते सोयीचं पडलं. आबांना सात वर्षांपासून तारे दिसत नव्हते. धारेवर एक तांबडा ठिपका पसरल्यासारखा जाणवायचा, तेवढ्यावर ते स्वाती सांगायचे. दुसरा तांबडा ठिपका आला नाही तोवर निभावलं. या साली मंगळ आला. आणि चूक आपल्या फडाच्या फायद्याची असली की ती कोणाला सापडत नाही.

तुकड्याचा शेवटचा अर्धा भाग पिवळा पडायला लागला होता. गहू अजून पोटरीत यायचा, ओंबी धरायचा होता. तिसरी पाळी अमावास्येला होती. तीही तुटली तर पीक जाणार, पीक गेलं की तुकडा जाणार, आणि तुकडा गेला की मायलेकी उघड्यावर. साळूने घागर उचलली.

"कुठं निघालीस?" माय म्हणाली.

"वर."

"खडकावर? अगं, गाव खाईल आपल्याला."

"गहू वाळला तर तसंही खाणारच आहे. मग निदान त्यांना चावायला तरी लावू."

तिने पांगीची घागर भरून डोक्यावर घेतली आणि दिव्याशिवाय ही वाट चढली. तुम्ही आलात तीच वाट. तुमच्यासाठी आम्ही पायऱ्या केल्यात, तिच्यासाठी नव्हत्या.

पंच शेकोटीभोवती बसले होते. लाकडं चांगली धडधडत होती. साळू आली, घागर उतरवली आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर बसली. पाचांपैकी एकालाही ती दिसली नाही. ज्यांच्या डोळ्यांत जाळ भरलेला असतो त्यांना अंधारातलं काही दिसत नाही. दहा पावलांवरची बाई ज्यांना दिसत नव्हती, ते आभाळातला तारा सांगायला बसले होते.

शिंग एका दगडावर ठेवलेलं होतं. तिने ते उचललं आणि दरीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मध्यरात्र व्हायला अजून अवकाश होता. धारेवर मंगळ आला. आबांनी शेकोटीवरून मान वळवली न वळवली, आणि म्हणाले, "निघाली. रावजी, शिंग."

शिंग फुंकणारा रावजी दगड चाचपडायला लागला. "आबा, शिंग नाही."

"शिंग इथं आहे," साळू म्हणाली.

"कोण आहे तिकडं?"

"भिवा जागल्याची साळू."

पाचही जण उठले. आबा ओरडले. "बाई? खडकावर? पाट आटेल!"

"आत्ताच ओलांडून आले. गुडघाभर आहे."

"शिंग ठेव खाली. स्वाती निघालीय."

"ती स्वाती नाही, मंगळ आहे. मघेपासून चार बोटं सरकलाय. स्वाती सरकते का? आणि स्वाती लुकलुकते. हा नुसता डोळे वटारून बघतोय, तुमच्यासारखा."

"काल जन्मलेली पोर आम्हाला तारे शिकवणार?"

"माझं नका ऐकू. बाज मोजा. पहिला चोर आत्ता कुठं धारेवर आलाय, दोघे यायचेत. सून चोरांच्या आधी कशी निघाली?"

पंचांतला एक होता केरूनाना, जरा हलक्या डोक्याचा. तो म्हणाला, "मग दोघे चोर गेले कुठं?"

"दोघे डोंगराआड आहेत," साळू म्हणाली, "आणि पाच इथं शेकत बसलेत."

रावजी हात उगारून पुढे आला. साळूने शिंग दरीवर धरलं. हे शिंग बंधाऱ्याच्या पहिल्या दगडाबरोबरचं, सात पिढ्यांचं. ते फुटलं तर पंचांचं पंचपण फुटलं. रावजी थांबला.

"काय पाहिजे तुला?" आबांनी विचारलं.

"तुम्ही आम्हाला जे लावता तेच."

आमच्याकडे तेव्हा एक चाल होती. भांडण तुटेना तर दोन्ही बाजूंनी पांगीचं पाणी तोंडात धरायचं. नदीचं पाणी तोंडात असताना खोटेपणा करील त्याला नदी सोडत नाही, असं मानायचे. ही चाल पंच कोतवालाला लावत, मोट शिवणाऱ्याला लावत, चोरीचा आळ आलेल्या विधवेला लावत. स्वतः त्यांनी कधी चूळ भरली नव्हती.

"पाचही जणांनी चूळ भरायची," साळू म्हणाली. "ज्याला स्वाती दिसेल त्यानं टाकायची. दिसल्याशिवाय टाकायची नाही, गिळायचीही नाही. पाचांना दिसली की मी शिंग देते. नाही म्हणालात तर शिंग दरीत, आणि सकाळी गावाला मीच सांगते की पंचांना नदीची शपथ घ्यायची भीती वाटली."

नाही म्हणायला जागा नव्हती. घागर फिरली. पाच मोठ्या माणसांचे गाल फुगले. मग साळूने उरलेली घागर शेकोटीवर उलटी केली.

चर्र झालं, धूर उठला, आणि खडकावर अंधार पडला. आधी कोणालाच काही दिसेना. तुम्हालाही आल्या आल्या दिसलं नसेल. अंधार डोळ्यांना लगेच आत घेत नाही, जरा बाहेर उभं करतो. मग हळूहळू एकेक तारा पुढे येतो, मग दोन ताऱ्यांच्या मधले, मग त्यांच्याही मधले, आणि शेवटी आभाळ एवढं भरतं की आपणच उजेड आडवून बसलो होतो, हे कळतं. पंचांनी वीस-वीस वर्षं या खडकावर बसून हे बघितलं नव्हतं. ते शेकोटी बघत होते.

खाली पाट वाहत होता. शिंग वाजलं नव्हतं, म्हणून हैबतीने फळी घातली नव्हती. माय एकटीच बारे धरत होती. पिवळ्या पडलेल्या वाफ्यांत पाणी शिरल्याचा आवाज इतक्या वर येत नाही, पण साळूला तो ऐकू येत होता, असं बायका सांगतात.

पहिला चोर वर आला. दुसरा आला. केरूनानाने एकदम रावजीच्या मांडीवर थाप मारली आणि बोट वर केलं. मधल्या चोराच्या कडेवरचं लेकरू त्याला दिसलं होतं. तोंडात पाणी, त्यामुळे बोलता येईना. तो नुसता बोट नाचवत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. लहान असताना आजोबांनी दाखवलं होतं म्हणे, त्यानंतर त्याने कधी वर बघितलंच नव्हतं. मग रावजीला दिसलं, मग बाकीच्या दोघांना. चार म्हातारे माना वर करून पोरांसारखे एकमेकांना बोटांनी आभाळ दाखवत होते. त्यांना हसता येत नव्हतं, भांडता येत नव्हतं, शिव्या देता येत नव्हत्या. बायका म्हणतात, गावाने पंचांचं एवढं चांगलं रूप ना आधी पाहिलं ना नंतर.

दौलतआबा हलले नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. ते पूर्वेकडे तोंड करून बसले होते, गाल फुगवून.

तिसरा चोर आला. थंडीनं दात वाजत होते आणि दात वाजले की पाणी सांडेल, म्हणून त्यांनी जबडे हातांनी धरले होते. मग, पुष्कळ वेळानंतर, धारेवर एक तांबूस ठिणगी आली. लुकलुकली. वर सरली.

केरूनानाने चूळ टाकली. "निघाली! सून निघाली!" रावजीने टाकली. इतर दोघांनी टाकली. चौघेही खाकरले, चौघेही म्हणाले, निघाली.

आणि चौघांनी आबांकडे बघितलं.

आबा तसेच बसले होते. चौघांना तेव्हा कळलं. कदाचित आधीपासून माहीत होतं, फक्त अंधारात ते नीट दिसलं. चूळ टाकावी तर तोंडात नदी असताना खोटं होतं, कारण त्यांना काही दिसत नव्हतं. न टाकावी तर सात वर्षांचं उघडं पडत होतं. तिसरी एक वाट होती. चूळ गिळायची आणि म्हणायचं, "पोरी, मला दिसत नाही. आता तू बघ." सात शब्द. त्या सात शब्दांनी आभाळ कोसळलं नसतं. फार तर पागोटं जरा तिरपं झालं असतं.

साळू कडेवरून मागे आली. आबांच्या समोर बसली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता असं सांगतात.

"आबा, दिसली का?"

आबांचे गाल तसेच फुगलेले राहिले.

साळू उठली. पाचांना दिसली की शिंग देईन, असं ती म्हणाली होती. ते शिंग तिने कोणालाच दिलं नाही. स्वतःच्या तोंडाला लावलं आणि फुंकलं. खाली हैबतीने फळी घातली, तिच्याच वाफ्यातलं पाणी तुटलं आणि माथ्याच्या फडाकडे गेलं. तिला आणखी अर्धा प्रहर चोरता आला असता. तिने पळभरही चोरलं नाही. तिला आपला प्रहर पाहिजे होता, त्यांचा नको होता.

उजाडल्यावर गाव वर आलं. चार पंच गारठून बसले होते. दौलतआबांच्या जागी हा धोंडा होता, गाल फुगवलेला, पूर्वेकडे तोंड केलेला. वरच्या खळग्यात ओंजळभर पाणी होतं.

गावातले मोठे लोक सांगतात, आबा पुण्यवान होते म्हणून पाषाण झाले. शेवटच्या फडात वेगळं सांगतात. तिथे म्हणतात, म्हाताऱ्यांना दगड होणं परवडतं, चुकलो म्हणणं परवडत नाही.

साळूचा गहू आला. तुकडा तिचाच राहिला. शिंगही तिच्याकडेच राहिलं, कारण ते मागायला कोणी आलं नाही. पुढे चाळीस वर्षं पाळीच्या रात्री तीच तारे सांगत होती आणि वर शेकोटी पेटली नाही. मग एका मार्गशीर्षात ती वर आली, बराच वेळ बाजेकडे बघत राहिली, आणि सोबतच्या बायकांना म्हणाली, "मधल्या चोराचं लेकरू मला दिसेना." तिथल्या तिथे तिने शिंग उतरवलं आणि ज्या पोरीला ते लेकरू दिसत होतं तिच्या गळ्यात घातलं. ती घरी गेली, जेवली, झोपली. अजून पुष्कळ वर्षं जगली. मला विचाराल तर या गोष्टीतला चमत्कार तो आहे. धोंडा नाही. डोळे गेल्यावर शिंग देणारं म्हातारं माणूस.

आता पाळी मोबाईलच्या घड्याळावर होते. पंचांचे वंशज ट्रस्टमध्ये आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खडकावर हायमास्ट दिवा बसवायचा ठराव केला, साळूबाईंच्या स्मरणार्थ म्हणे. जिने इथला उजेड विझवला तिच्या स्मरणार्थ! शेवटच्या फडातल्या बाया भरलेल्या घागरी घेऊन तीन दिवस इथे बसल्या. अध्यक्ष समजावायला आले तेव्हा एका आजीने त्यांच्यापुढे घागर सरकवली आणि म्हणाली, "भरा चूळ, मग बोलू." ते उतरून गेले. तो खांब अजून पायथ्याला आडवा पडलाय, तुम्ही त्याला लागूनच गाडी लावली आहे.

आजही मार्गशीर्ष अमावास्येला पाच मोठी माणसं तोंडात पांगी धरून इथे बसतात. आजही शिंग त्याच पोरीला मिळतं जिला मधल्या चोराच्या कडेवरचं लेकरू दिसतं. यंदा ते माझ्या मावसबहिणीकडे आहे, तिचं वय तेरा. धारेवर स्वाती आली की ती आधी त्या धोंड्यापाशी जाते, त्याच्यासमोर बसते आणि विचारते, "आबा, दिसली का?"

आणि उत्तराची वाट न बघता शिंग फुंकते.